तळेकोंडची आघाडी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानवाला दिल्लीहून फोन आला, आणि श्यामभाऊ आठल्यांनी तो उभं राहून घेतला. एकोणीस वर्षं जिल्हाध्यक्ष असलेल्या या माणसाला दिल्लीचा फोन याआधी दोनदाच आला होता, त्यातला एक चुकून लागलेला. घसा साफ करून ते म्हणाले, "जी, श्याम आठल्ये बोल रहा हूँ."

पलीकडच्या बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "आपके यहाँ कोई दीपाली गोताड हैं? अध्यक्षजी उनसे बात करना चाहते हैं."

श्यामभाऊ खाली बसले.

"वो रेंज में नहीं है जी," ते म्हणाले. "गाव अंदर है. पहाड़ में."

दीपालीचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. शिवाय ती त्या वेळी त्यांनीच बोलावलं म्हणून एसटीत बसून रत्नागिरीला येत होती. पण रेंजमध्ये नाही म्हटलं की कोकणातल्या माणसाला कोणी खोटं पाडत नाही.

देशभर पक्षाचा धुव्वा उडाला होता. पुन्हा पाच वर्षं विरोधी बाकांवर. सगळ्यांनीच मार खाल्ला असला की एकट्याला लागलेलं दिसत नाही, म्हणून श्यामभाऊ काल रात्री जेवले होते, झोपलेही होते. पण सकाळी पेपरात बूथवार आकडे आले आणि चौकटीत ठळक छापून आलं: जिल्ह्यात पक्षाला एकाच गावात आघाडी, तळेकोंड. सहाशे बारापैकी चारशे एकतीस मतं. शेजारीच त्या खोडसाळ बातमीदाराने दुसरा आकडाही दिला होता. जिल्हाध्यक्षांचं स्वतःचं बूथ, पावस भागातलं. सातशे चारपैकी एक्याण्णव.

पद्मजावहिनींनी चहाचा कप ठेवताना पेपर वाचला. "एक्याण्णव," त्या म्हणाल्या. "आपल्या बागेतली माणसंच चाळीस आहेत हो."

"वाचता येतं मला."

"त्या पोरीला फोन केलात का? अभिनंदन म्हणून?"

"कशाबद्दल? आपण हरलोय, पद्मजा. देश हरलाय."

"देश हरला असेल. ती कुठे हरली?"

श्यामभाऊंनी चहा तसाच ठेवला.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट निराळीच होती. प्रदेशाच्या कार्यालयातून निरोप होता: आज चार वाजता पत्रकार परिषद घ्या, निकालावर पक्षाचं म्हणणं मांडा, आठवडाभरात जिल्हाध्यक्षांच्या जागांचा फेरविचार होईल. फेरविचार म्हणजे काय ते श्यामभाऊंना कळत होतं. असे फेरविचार त्यांनी स्वतः दुसऱ्यांचे केले होते. आणि आता दिल्ली नाव विचारत होती ते एका बचतगटवालीचं. बारावी पास. सहा वर्षांपूर्वी पक्षात आली तेव्हा सभेत सतरंज्या घालायची. त्यांनीच तिला तळेकोंडचं बूथ दिलं होतं, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. रस्ता वाईट, मतं त्याहून वाईट.

मारुती मंदिराजवळच्या पक्ष कार्यालयात ते अकराला पोचले. भागोजीने पंखा लावला. भागोजी कार्यालयाचा जुना माणूस, दार उघडण्यापासून भाषणात चुकलेलं नाव कानात सांगण्यापर्यंत सगळं तोच करायचा. श्यामभाऊ निवेदन लिहायला बसले. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. जनतेचा कौल मान्य आहे, असं लिहिलं की तळेकोंडचा कौलही मान्य करावा लागत होता. कार्यकर्ते कमी पडले म्हणावं, तर कोणते, हे लोक विचारणार. पैसा, जात, दडपशाही, सगळं घालून पाहिलं. प्रत्येक कारणाच्या शेवटी तळेकोंड उभंच. जे कारण जिल्ह्यात लागू पडलं, ते त्या डोंगरात का नाही लागू पडलं?

मग त्यांना मशीन सुचलं, आणि बरं वाटलं. मशीनमध्ये गडबड झाली म्हटलं की एक्याण्णवही खोटे आणि चारशे एकतीसही खोटे. सगळे पुन्हा एका ओळीत. ओळीत सगळे असले की पुढे कोण, हे वयाने आणि पदाने ठरतं.

दीपाली साडेबाराला आली. पिशवीत फाइल, डोक्यावर घामाने चिकटलेले केस. "नमस्कार भाऊ. एसटी पालीला अर्धा तास थांबली."

"बस. फॉर्म आणलेस?"

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष एकूण किती मतं पडली त्याचा सही केलेला कागद प्रत्येक पक्षाच्या एजंटाला देतो. सतरा-सी म्हणतात त्याला. श्यामभाऊंच्या निम्म्या एजंटांनी तो घेतलाच नव्हता, काहींनी त्यात वडापाव बांधला होता. दीपालीकडे तळेकोंडचा आणि आजूबाजूच्या सहा बूथचा, प्लास्टिकच्या कव्हरात घालून, ओळीने लावलेला होता. कागद नीट ठेवलेत याचासुद्धा माणसाला राग येऊ शकतो.

"हे मशीनशी जुळतायत?"

"एकूण एक मत जुळतंय, भाऊ."

"नीट बघ. एखाददुसरं इकडंतिकडं असेल."

"बघितलं. दोनदा. का हो?"

"मशीनवर बोलायचंय चारला."

"भाऊ, मशीन कशाला? आपलं मतदारच गावात नव्हतं. तुमच्या पावसकडच्या अकरा गावांत पंचेचाळीस टक्के मतदान झालंय, आमच्यात ब्याऐंशी. माणसं मुंबयला होती."

"मुंबईची माणसं दर वर्षीच मुंबईला असतात."

"मे महिन्यात नसतात," भागोजी कोपऱ्यातून म्हणाला. आणि मग, न विचारता, "ह्या वर्षी होती. हॉलमध्ये."

हॉलचं नाव त्याने घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी श्यामभाऊंना एकसष्टावं लागलं. त्यांच्या भागातल्या अकरा गावांच्या मुंबईकर मंडळांनी मिळून परळला हॉल घेतला होता. तारखेचा आग्रह भाऊंचाच, वाढदिवस पुढे ढकलणं त्यांना अशुभ वाटत होतं. दोन हजार माणसं, एकसष्ट दिव्यांची ओवाळणी, शाली इतक्या की परत आणताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रचारही होऊन जाईल, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. रविवारी सत्काराला थांबलेला माणूस सोमवारी कामावर गेला आणि मंगळवारीही. गावी येऊन मत देणार कोण?

तळेकोंडची पूजा दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात व्हायची. दीपालीने गावातल्या बायका गोळा केल्या, मुंबईकर मंडळाच्या रावजी गोताडांना सहा वेळा फोन केला आणि पूजा अलीकडे आणली. रविवारी सत्यनारायण, सोमवारी रात्री नमनाचा खेळ, मंगळवारी सकाळी मत देऊन गाड्या परत. चिमाआजी चालू शकत नव्हती, तिला खुर्चीत बसवून चौघांनी शाळेपर्यंत नेली. एवढंच. जादू काही नव्हती.

मार्चमध्येच तिने विचारलं होतं, "भाऊ, तुमचा सत्कार गावाकडं घेऊया का? माणसं हिकडं येतील." तेव्हा भाऊंना काय वाटलं होतं? ही पोरगी माझी गर्दी आपल्या डोंगरात पळवतेय. ते म्हणाले होते, "परळचा हॉल आणि तुमची पालखी टेकवायची सहाण एक आहे का गो?"

आता फाइल मिटून त्यांनी ती आपल्या बाजूला सरकवली. "तू बस मागे," ते म्हणाले. "बोलायचं मी."

चारला सात पत्रकार आले. सलिल नावाचा, लोकल चॅनलवाला, पुढे बसला. पेपरातली चौकटही त्यानेच लिहिली होती. टेबलावर माईक ठेवून त्याने फोनवर थेट प्रक्षेपण चालू केलं.

श्यामभाऊ बोलायला लागले की वाईट बोलत नसत. आवाज होता, थांबणं माहीत होतं. लोकशाही, लढा, खचणार नाही. मग मशीन. "हा कौल जनतेचा नाही. या जिल्ह्यातला एकही आकडा विश्वास ठेवण्यासारखा नाही."

"एकही नाही?" सलिलने विचारलं. "म्हणजे तळेकोंडचाही?"

मागे खुर्ची करकरली. श्यामभाऊंना तेव्हा थांबता आलं असतं. तळेकोंडच्या कार्यकर्त्यांचं मी अभिनंदन करतो, असं पाच शब्दांचं वाक्य होतं. जिभेपर्यंत आलंही. पण डोळ्यांसमोर पेपरातली चौकट आली आणि वाक्य पुन्हा घशात गेलं.

"तळेकोंडचाही," ते म्हणाले. "उलट, तिथलाच आधी तपासा. एवढी मतं अचानक येतात कुठून?"

विरोधी पक्षाचा जिल्हाध्यक्ष आपल्याच पक्षाच्या एकमेव आघाडीची चौकशी मागत होता. पत्रकारांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला हसू आवरेना. भागोजीने मान खाली घातली.

दीपाली उठली. ओरडली नाही. "तपासा," ती म्हणाली. "फाइल तुमच्या हाताशीच हाय भाऊ. कागद आमी दिला. माणसं पण दाखवू. चिमाआजी शहाऐंशी वर्षांची हाय, तिला खुर्चीतनं नेली. तिला ईचारा तिचं मत अचानक कुठून आलं. पण त्यासाठी तळेकोंडला यायला लागंल. सहा वर्षांत एकदा तरी आलायत काय?"

सगळे फोन तिच्याकडे वळले. श्यामभाऊंनी ते पाहिलं. अंगावर शाल नाही, हातात नारळ नाही, साडीच्या काठाला एसटीची धूळ, आणि तरी सगळी खोली तिच्याकडे तोंड करून बसलेली. अशी त्यांच्याकडे कधी बसली होती, ते त्यांना आठवेना. परळच्या हॉलमध्येसुद्धा लोक जेवणाच्या दाराकडेच बघत होते.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. सकाळचाच नंबर.

सवयीने त्यांनी तो घेतला. समोरचा माईक चालूच होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. बाईंचा आवाज त्यांच्या कानात आला, "दीपालीजी से संपर्क हुआ क्या?"

दीपाली त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. श्यामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फाइलकडे पाहिलं. तोंडाला हात लावून, हळू, पण माईकला स्वच्छ ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "नहीं जी. वो अभी भी रेंज में नहीं है."

सलिलने फोन पुन्हा त्यांच्याकडे वळवला.

मग भागोजी पुढे आला. एकोणीस वर्षांत त्याने भाऊंच्या हातातून न विचारता कधी काही घेतलं नव्हतं. त्याने फोन घेतला, पदराला पुसावा तसा सदऱ्याला पुसला आणि दीपालीच्या हातात दिला.

"बोल गो बाय," तो म्हणाला. "दिल्ली हाय."