पांढरीचा श्वास

दुपारची जेवणं आटोपली, सून भांडी घासायला मागे गेली, तसं सिद्धोधन गुरुजींनी पांढरीला अलगद मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीला कान लावला. आधी घरघर. मग बारीक शिट्टी. मग ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हावा इतका वेळ काहीच नाही, आणि पुन्हा घरघर.

गुरुजींनी डोळे मिटले. सत्यशीला जाऊन चौदा महिने झाले होते आणि तिचा श्वास घरात परत आला होता.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बत्तीस वर्षं सोनपेठ तालुक्यातल्या शाळांमधून त्यांनी पोरांना शिकवलं होतं की भूत नसतं, आत्माही नसतो. विहारात बोलायला उभे राहिले तरी हेच सांगायचे. आणि आता हा माणूस भरदुपारी बदकाच्या पाठीला कान लावून बसत होता. एखाद्या विद्यार्थ्यानं असा प्रकार केला असता तर गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण ऐकू येत होतं ते खोटं कसं म्हणायचं? आजारी बायकोचा श्वास दोन वर्षं ऐकलेला माणूस त्यात चुकत नाही.

बदकं सत्यशीलाचीच, एकूण पाच. चार अंगणातल्या खुराड्यात राहायची. पांढरी मात्र लहानपणापासून मागच्या खोलीत, सत्यशीलाच्या बाजेखाली झोपायची. सत्यशीला गेल्यावरही तिनं ती जागा सोडली नाही आणि गुरुजींनी तिला हुसकलं नाही.

"मामा, पांढरीचं काई तरी बिघडलंय."

सून सुकेशनी हात पुसत दारात उभी होती. गुरुजींनी घाईघाईनं बदक खाली ठेवलं.

"थंडी बाधली असंल."

"थंडी कशाची? शेपूट बघा की तिचं. श्वासासंगं वर-खाली व्हायलंय. चोच उघडीच हाय, डोळ्याला फेस आलाय. बाकीची टाक्यात डुंबायलीत अन् ही पाण्याला शिवंना."

तेवढ्यात पांढरीनं मान ताणली, चोच वासली आणि अंगणातल्या चौघांना हाक मारली. हाक मारली म्हणजे मारल्यासारखं केलं. आवाज आलाच नाही. तरीही अंगणातला कलकलाट एकदम थांबला आणि चारही बदकं दाराकडे बघत राहिली. सुकेशनीनं फोन हातात घेतला.

"बन्सीधरभाऊला फोन लावते मी."

"राहू दे. उद्या बघू."

"तीन दिस झाले, उद्याच म्हणायलाव तुमी."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गुरुजींची गत झाली होती. औषध दिलं आणि लागू पडलं तर ती घरघर थांबणार, म्हणजे सत्यशीला पुन्हा जाणार. नाही दिलं तर पांढरी मरणार, आणि तिच्याबरोबर हा श्वासही. सुनेला यातलं काय सांगणार?

सुकेशनीनं त्यांच्या उत्तराची वाट न बघता फोन लावला. नवरा जिंतूरला नोकरीला, आठवड्यानं येणारा. घरातले निर्णय तीच घ्यायची.

जनावरांच्या दवाखान्यातला बन्सीधर तिसऱ्या प्रहरी आला. त्यानं पांढरीच्या नाकपुड्या पाहिल्या, डोळ्याखाली बोट फिरवलं, मग नुसता तिच्या शेपटाकडे बघत उकिडवा बसून राहिला.

"पाखरं दुखणं लपवतात, गुरुजी. अंगावर दिसायला लागलं म्हंजे लय पुढं गेलेलं असतंय. झोपते कुठं ही?"

मागची खोली उघडली. सोयाबीनचा भुसा आढ्याला टेकला होता. काढणीला पाऊस लागायचा, भुसा भिजायचा, आणि अंगणात अजून भिजेल म्हणून गुरुजी दर वर्षी तो ओलाच या खोलीत कोंबायचे. बाज अजून तशीच होती, भिंतीला लावलेली. बन्सीधरनं भुशात कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आतून ऊब आली. काळपट हिरवी भुकटी उडाली, झरोक्यातल्या उन्हात तरंगत राहिली आणि सावकाश बाजेवर उतरू लागली.

"रुमाल बांधा तोंडाला! बुरशी हाय ही. श्वासातून आत जाते अन् फुप्फुसात घर करते."

"माणसालाबी?" सुकेशनीनं विचारलं.

"समद्याला न्हाई. पन छाती नाजूक असली तर बाधते की." त्यानं बाजेकडे पाहिलं. "इथं झोपतं का कुणी?"

"आता न्हाई," गुरुजी म्हणाले.

दोन वर्षं त्यांनी सत्यशीलाला परभणी, नांदेड केलं होतं. डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचे फोटो काढले, टीबी नाही म्हणाले, तोंडानं ओढायचे पंप दिले. रात्री कुठं झोपता, असं कुणीही विचारलं नव्हतं.

अंगणात आल्यावर बन्सीधरनं पिशवीतून बाटली काढली.

"औषध देतो. वाचंलच असं म्हणत न्हाई मी. मोकळ्या हवेत ठेवा, अन् उद्याच्या उद्या भुसा बाहेर काढा."

"ही घरघर जाईल का?"

"वाचली तर जाईल की."

गुरुजींनी बाटली त्याच्या हातातून घेतली. पांढरीला छातीशी धरलं, अंगठ्यानं चोच उघडली आणि कडेनं एकेक थेंब सोडला. एकही थेंब सांडू दिला नाही. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दिवस कलला. सुकेशनीनं टोपलीत जुनं लुगडं अंथरून पांढरीला बसवलं.

"ओसरीवर ठेवते हिला. वारा लागंल."

"माझ्या खोलीत ठेव. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवतो."

"रातभर घरघरंल ती, मामा. तुमचा डोळा लागायचा न्हाई."

गुरुजींनी खाली बघतच विचारलं, "तुझ्या आत्याबाई मागच्या खोलीत का झोपायला गेल्या, काय सांगितलं होतं तुला त्यांनी?"

"हेच की. खोकल्यानं तुमची झोप मोडती म्हनून. म्या लय अडवलं, पन मनानंच गेल्या त्या."

"मनानं नव्हती गेली. बाज मीच नेऊन टाकली होती तिथं."

सुकेशनी टोपली धरून उभी राहिली. अंगणातली बदकं एकेक करून खुराड्यात शिरली तरी ती हलली नाही. मग ती गुरुजींच्या खोलीत गेली, पलंगावरची उशी सारखी केली आणि टोपली उशीला लागून, अगदी कानाशी येईल अशी ठेवली.