मागे उभा राहिलेला

जवळ सरका, अजून थोडे. देवाच्या दारी घडलेली एक गोष्ट सांगतो, कान इकडे द्या.

नॉरबर्टने चिपळ्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. मस्कतमधल्या रूवीच्या चर्चचं सभागृह उपासकाळातल्या कीर्तनाला भरलं होतं. त्याची आई परवा वसईत वारली. पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे नोकरीच्या मालकाच्या, कपाटात; अर्बाब परदेशी. मातीला पोहोचता आलं नाही. निदान तिच्या नावाचं कीर्तन तरी पुरं व्हावं, एवढंच त्याने देवाकडे मागितलं होतं. त्यात, मागे उभा राहून ध्रुपद उचलणारा त्याचा झीलकरी ग्लेन सोहारच्या कारखान्यात अडकलेला.

पहिल्या रांगेत, कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या मॅग्डलिनने एका गोऱ्या म्हाताऱ्याला हार घालून बसवलं होतं. एकहार्ट ब्रोमर, जर्मनीचा नट. रंगभूमीवर तो राजा झाला, सिनेमात खुनी झाला, आणि कितीतरी परदेशी नायक जर्मनीत त्याच्याच गळ्याने बोलले. ओमानवरच्या माहितीपटाला आवाज द्यायला आलेला, नॉरबर्ट कामाला होता त्याच हॉटेलात उतरलेला. तालमींना रोज येऊन बसे.

"समजतं काय रे त्याला?" पेटीवर बसलेल्या जोआनने नॉरबर्टला हळूच विचारलं.

"शब्द नाही समजत. पण मी श्वास कुठे चोरतो, ते बरोबर पकडतो."

"शेवटी भाषण करायला लावू या!" मॅग्डलिन म्हणाली.

आख्यान रंगलं. पेत्राने प्रभूला नाकारलं. "आणि पेत्र बाहेर जाऊन रडला," म्हणता म्हणता नॉरबर्टचाच गळा दाटला. पेटी वाजत राहिली. ध्रुपद कुणी उचलेना.

खुर्ची सरकली. एकहार्टने हार उतरवला, बूट काढले आणि तो नॉरबर्टच्या मागे, ग्लेनच्या जागी जाऊन उभा राहिला.

'मी विसरलो तरी, प्रभो, तू ओळख दे...'

उच्चार ओबडधोबड, सूर मात्र पक्का; आणि पुढच्याचा गळा झाकणार नाही इतका हळू. तेच पुन्हा, पुन्हा, नॉरबर्टचा आवाज त्यात येऊन मिळेपर्यंत. मग कीर्तन थांबलं नाही. आरती होऊनच संपलं.

"सर, पुढे या ना. लोकांना तुम्हाला बघायचंय," मॅग्डलिन म्हणाली.

"इथे बरा आहे मी," एकहार्ट म्हणाला आणि नॉरबर्टकडे वळला. "आपण कुणासाठी गायलो?"

"आईसाठी."

"नाव?"

"इनास."

जिभेवर नीट बसेपर्यंत त्याने ते पुटपुटून पाहिलं.

पुढे काही वर्षांनी तोही गेला. प्रार्थनेत इनासबाईंचं नाव घ्याल, तेव्हा त्यांच्यामागे एकहार्टचंही घ्या. मागेच घ्या, त्याला तेच आवडेल.