ताहेराचा पहिला रोजा

काकणांचं दुकान असलेल्या वली मणेराच्या ताहेराला साखरेचा आजार, आणि ईट गावात घरटी एक डॉक्टर. कुणी कारल्याचा रस सांगायचं, कुणी ताईत. अकरा वर्षांची पोर सगळ्यांचं ऐकून घ्यायची. पण तिचा भरवसा सोलापूरच्या डॉक्टरीणबाईवर. बाईनं शिकवलं होतं, सकाळी मांडीत सुई, मग वेळच्या वेळी खाणं, आणि हातपाय कापायला लागले की लगेच गोड.

बापानं त्यातलं एकच ध्यानात ठेवलं. सुई चुकवायची न्हाय. ती पण तो स्वतः द्यायचा, डोळे मिटून. "पोरीच्या जातीला ह्यातलं काय कळतंय?"

रमजान आला. वलीनं पोरीच्या पहिल्या रोजाची दावत ठरवली. बार्शीहून हार, चाळीस माणसं.

मौलवीसाब म्हणाले, "वलीभाई, बीमाराला रोजा माफ हाय."

"तुमी माफ करताल हो, माझा साडू करंल का? त्याच्या पोरानं सातव्या वर्षी धरला."

पहाटे सहरीचं खाणं झालं. वलीनं सुई उकळली.

"अब्बा, सुई दिली तर दुपारी भाकर लागंल," ताहेरा म्हणाली.

"सुई डॉक्टरचा हुकूम, रोजा माझा. दोन्ही हुतंय."

दिवस कलायला लागला तसे पाहुणे जमले. ताहेरा जरीच्या ओढणीत, गळ्यात हार. कपाळाला दरदरून घाम. हातातली काकणं आपोआप वाजायला लागली.

"बघा," वली साडूला म्हणाला, "कसा नूर चढलाय तोंडावर."

इफ्तारीची ताटं समोर, सूर्य अजून कासराभर वर. ताहेराला पाहुणे दोन-दोन दिसायला लागले. ऐंशी जणांपुढं पडण्यापेक्षा चाळिसांपुढं खाल्लेलं बरं, असा तिनं विचार केला. उठली, गुळाचा खडा तोंडात टाकला, वर दोन खजूर.



"नाक कापलंस माझं," वली म्हणाला.

"नाक ऱ्हाऊ द्या अब्बा, पाणी द्या."

पाणी तिच्या आईनं, चाँदबीनं आणलं. मौलवीसाब खाकरले. "हिच्यावर रोजा नव्हताच. आता गुन्हा कुणाच्या नावावर धरायचा, वलीभाई?"

साडू फिस्सकन हसला. डॉक्टरीण आणि मौलवी दोघांना मिळून जे जमलं नव्हतं, ते त्या हसण्यानं केलं. दुसऱ्या दिवशी चाँदबीनं सुईची डबी लेकीच्या हातात दिली, वली तोंड फिरवून बाहेर गेला.

दुकानात मात्र गिऱ्हाइकाच्या हातात काकणं चढवता चढवता सांगत होता, "आमची पोर सोताच सुई घेती. म्याच शिकवलं."