दुसऱ्याचं लेकरू

लेकरांना सुट्टीत कुठं न्यायचं म्हणलं की आमच्या गल्लीत सगळ्या बायांची तोंडं उतरतात. बागेत गेलं की पाळण्याला पैसे, घोड्याला पैसे, वर आईस्क्रीमसाठी भोकाड. धाराशिवात फुकट अन् उघड्यावर दिवस घालवायचा तर येळवस. त्या अमावस्येला अख्खं शहर रानात जातं. ज्याला शेत न्हाय तो ओळखीच्याच्या शेतात जातो. कडब्याच्या कुठल्याही कोपीवर, म्हंजी खोपटावर, जाऊन बसा, भज्जी, उंडे अन् आंबील पुढ्यात येतं. तू कोण, कुणाचा, असं त्या दिवशी कुणी विचारत न्हाय.

आमचे दूधवाले महालिंगप्पामामा दरसाल बोलवायचे. यंदा मी ठरवलं, माझी आरोही अन् शेजारच्या फातिमाचाचींची नात युसरा, दोघींना घेऊन जायचं. आरोही चौथीत, युसरा अजून बालवाडीत. चाची तयार नव्हत्या. युसराचा बाप अबुजर पुण्यात गाडी चालवतो, पोरगी चाचींच्याच भरवशावर.

"रानात हिरी असत्यात, अयोध्या," चाची म्हणाल्या.

"तुम्हाला हिरीबिगर दुसरं काय सुचतंय का चाची? माझ्या जिवावर पाठवा." माझं तोंड हे असं, डोक्याच्या आधी पळतं.

अन् मामाच्या शेतात पाय ठेवला तर समोरच विहीर. तिला कठडा न्हाय, काही न्हाय. जमिनीत एक काळं भगदाड. दोघींना दरडावून सांगितलं, तिकडं फिरकायचं न्हाय. कोपीतल्या पाच दगडांची, पांडवांची पूजा झाली, पंगत बसली, मामाची बायको इरम्मामामी वाढत होती. सारखी मान वळवून मी विहिरीकडं बघत होते.

जेवणं झाल्यावर मामीला भांडी घासू लागले. तेवढ्यात काय ती नजर हलली. वर बघते तर युसरा न्हाय.

"इथंच होती की," आरोही म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तुला कशाला ठेवलं होतं तिच्यापाशी? दुसऱ्याचं लेकरू हाय ते." पाठीत असा धपाटा घातला की माझाच हात झिणझिणला. "जा, हुडक. तिला घेतल्याबिगर माझ्यापुढं येऊ नको."

ती रडत पळाली. मी दुसऱ्या बाजूनं निघाले.

मामा अंगणातल्यासारखे निवांत. "येळवसला लेकरू कुठं जातंय? बसली असल कुणाच्या तरी पंगतीत," म्हणाले. खरंच बसली होती. ज्या कोपीवर जावं तिथं तेच ऐकू यायचं. हिरव्या फ्राकातली व्हय? जेवली की. खीर मागून घेतली. आत्ता तर होती. लेकरू कुणाचं, एकटं का फिरतंय, एकानं विचारलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी येळवसचं एवढं कौतुक करायचे, तिचाच मला त्या दिवशी संताप आला.

ऊन उतरलं. फोन वाजला. चाची. मी उचलला न्हाय. काय सांगणार होते? परत वाजला, परत चाची. मी फोन कमरेला खोचला अन् त्याची थरथर पोटात लागत राहिली.

मी कोपीवर माघारी आले तेव्हा मामाही निवांत नव्हते. ते आत गेले अन् गळ घेऊन आले. विहिरीत पडलेली बादली काढायचे ते लोखंडी आकडे. दोर सोडला. मला बघवेना अन् तिथून हलवेना. दोर एकदम ताठ झाला.

"जड लागतंय," मामा हळूच बोलले.

मी पदर तोंडात कोंबला. देवा, माझं काय पाहिजे ते ने, पण हे नको. दोर हातहात वर येत होता. पाणी डचमळलं अन् गाळानं भरलेलं एक फाटकं पोतं वर आलं. मामांनी ते बाजूला टाकलं अन् पुन्हा गळ सोडला.

फोन परत वाजायला लागला. मामीनं तो माझ्या कमरेचा काढून घेतला. ऐकलं अन् मटकन खाली बसली. "अगं, पोरगी घरी हाय."

पलीकडच्या शेतातले लोक ट्रॅक्टरनं शहरात परतले. ट्रॉलीत लेकरं चढली, त्यांच्यात हीपण चढली. कोण कुणाचं, कशाला बघतंय? गल्ली दिसल्यावर हिनं बोट दाखवलं, त्यांनी उतरवलं. चाची तेच सांगायला कधीपासून फोन करत होत्या.

मी रडले, हसले, त्या ट्रॅक्टरवाल्यांचा उद्धार केला. "चल गं आरोही, निघू या," म्हणून वळले.

आरोही न्हाय.

दुपारपासून तिला कुणी बघितलंच नव्हतं. मी तर तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. दिवस मावळला होता, शिवारात लोक येळवसच्या रिवाजानं पेटत्या पेंढ्या घेऊन शेताभोवती फिरायला निघाले होते. मामांच्या हातात गळ तसाच होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय.

मी बांधानं पळत सुटले. आरोही, आरोही. घसा फाटला. तुरीच्या कडेला पोचले तेव्हा आत काहीतरी हललं.

"आई, युसरा घावली का?"

"घावली गं. घरी हाय. तू कवापासून हितंस?"

"लई वेळ झाला. तू दोनदा इथनं गेलीस. मी बघत होते."

"मग हाक का मारली न्हायस?"

मी तुरी बाजूला सारल्या. लांबच्या पेंढीच्या उजेडात ती दिसली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिला उचलायला मी हात पुढं केला, तर तिनं डोळे गच्च मिटले अन् पाठ चोरली.