टमरेलांची रांग

नानासो पेंटरानं तीस वर्षं बाजारपेठेतल्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून गेले. घर चालायचं ते बायकोच्या, साळूबाईच्या भाजीवर.

मंडईतलं बायकांचं शौचालय चार वर्षं कुलपात होतं. छत खचलेलं, नळ चोरीला गेलेले. भाजीवाल्या दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत. त्यापायी साळूबाईच्या मूत्रपिंडाला सूज आली आणि आठ दिवस मिरजेच्या दवाखान्यात काढावे लागले.

नानासोनं पालिकेत तीन अर्ज दिले. कुणी साधं उत्तरही दिलं नाही. तेव्हा एका रविवारी त्यानं उरलेसुरले रंग काढले आणि शौचालयाच्या भिंतीवर अकरा भाजीवाल्या रंगवल्या. कुलूपबंद दाराकडं तोंड करून रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात टमरेल. सगळ्यात पुढं साळूबाई.

बघायला सगळी मंडई लोटली.

"आता तरी लाज वाटंल त्यास्नी," साळूबाई म्हणाली.

लाज कसली! पालिकेच्या साहेबांना चित्र आवडलं. शहर सुशोभीकरणाची स्पर्धा तोंडावर आली होती. त्यांनी नानासोला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला.

"हात आहे हो तुमचा! फक्त टमरेलांच्या जागी कळश्या काढा. पाणवठा वाटला पाहिजे. आणि खाली मोठ्या अक्षरात सही करा."

"आन् शौचालयाचं, साहेब?"

"ते पुढच्या टप्प्यात घेतलंय."

तीस वर्षांत नानासोला कुणी सही कर म्हटलं नव्हतं. तो भुलला. दोन दिवसांत त्यानं अकरा कळश्या काढल्या.

सत्कार झाला. शाल-नारळ घेऊन तो मांडवातून बाहेर आला, तर साळूबाई भिंतीसमोर उभी.

"आवं, दार कुठाय?"

सकाळीच गवंड्यांनी दार विटांनी बुजवून वर गिलावा केला होता. पाणवठ्याच्या चित्रात तिथं विहीर रंगवायची होती.

"पुढच्या टप्प्यात करतो म्हनले..."

"आन् तुमी ऐकलं! माझ्या हातात कळशी दिलीसा. लोक फोटू काढत्यात. आमी जायाचं कुठं?"

नानासोला तोंड वर करवेना. दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यानं अकराही बायकांवर डांबर फासलं. साळूबाईच्या चेहऱ्याशी हात अडला, पण त्यानं तोही काळा केला. पोलिसांनी त्याला चौकीत नेलं.

"स्वतःचंच चित्र घाण केलंस?" हवालदारानं विचारलं.

"घाण तर कळश्या काढल्या तवाच केली, साहेब."

पालिकेनं साताऱ्याहून दुसरा पेंटर आणून पाणवठा विहिरीसकट नव्यानं रंगवून घेतला. स्पर्धेत दुसरा नंबर आला. बाकीच्या दहाजणी अजून त्या भिंतीखालीच भाजी मांडतात, घसा कोरडा ठेवून. साळूबाईनं मंडई सोडली. दिवसभर घरातच असते. नानासो बोलायला जवळ बसला, की काहीतरी काम काढून ती आत निघून जाते.