मशिदीची सावली

या मशिदीमुळे चंद्रमौळींच्या पदरात दोन गोष्टी पडायच्या होत्या. एक, ते नकाशे काढत त्या कचेरीतली हेड ड्राफ्ट्समनची रिकामी खुर्ची. दुसरी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. ती म्हणजे रविवारच्या दुपारची सावली.

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत छत्र्यांचे व्यापारी मरैक्कायर हाजी यांनी मशिदीसाठी जी जागा दिली, तिच्या पश्चिमेला मोठा रस्ता आणि पूर्वेला चंद्रमौळींची गल्ली. त्यांच्या घरापुढची तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, त्या मोकळ्या जागेच्या नेमकी समोर. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन तिच्यावर पाहुण्यासारखं येऊन बसे आणि दिवेलागणीशिवाय उठायचं नाव काढत नसे. रविवारी तिथं आडवं होणं म्हणजे तव्यावरची दोशै होणं. एक अंग भाजलं की दुसरं.

चंद्रमौळी आयुष्यात शहराच्या वेशीवरच्या तांबरमपलीकडं गेले नव्हते. पण मशिदीचा नकाशा त्यांच्याकडं आला तसं कचेरीतलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी पंधरा दिवस उशाशी घेतलं, आणि मग इस्तंबूलचे टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे मिनार, इस्फहानचे निळ्या फरशांचे दरवाजे, जावातली एकावर एक चढलेली उतरती छपरं, हे सगळं ते ताकाच्या सुट्टीत असं सांगू लागले, की जणू कालच तिकडून आलेत.

एवढं जग फिरून त्यांचं मन बसलं मोरोक्कोतल्या एका नकाशावर. पश्चिमेला दरवाजा, आत हौदाचं अंगण, मग खांबांच्या रांगा, आणि अगदी पूर्वेला उंच, बिनखिडकीची भिंत. तिच्यात मेहराब, म्हणजे नमाजाला तोंड कुठं करायचं ते दाखवणारा कोनाडा. मक्का पूर्वेला, असं पुस्तकात छापलेलंच होतं. छापलेल्यावर शंका घेणं चंद्रमौळींच्या स्वभावात नव्हतं, विशेषतः छापलेलं सोयीचं असताना. भिंत त्यांनी आणखी चार फूट वर नेली.

“इतकी उंच कां?” बायकोनं, कृष्णवेणीनं घरी विचारलं.

“तिकडची पद्धत ती,” ते म्हणाले, आणि तिण्णैकडं पाहून घेतलं.

शाई फिरवायचं काम विद्याधरकडं होतं. हा पुण्याहून आलेला, मोठ्या रस्त्यापलीकडच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्याफटिंगांच्या लॉजमध्ये, तळमजल्यावर एकटा राहणारा, आणि त्याच रिकाम्या खुर्चीवर डोळा असलेला. त्यानं नकाशा दोनदा न्याहाळला, एकदा खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं शाई फिरवली.

दाखवायच्या दिवशी हाजी कमानींवर खूश झाले. घोड्याच्या नालेसारख्या त्या कमानी पाहून त्यांनी बोटानं हवेत तसाच आकार काढला. मग मेहराबीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी कॉफीचा रिकामा टंब्लर मागवला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

“ही मक्का,” ते म्हणाले. टंब्लरच्या डावीकडं दौत ठेवली, “हा तुमचा मोरोक्को.” उजवीकडं तपकिरीची डबी सरकवली, “आणि हे मद्रास. मोरोक्कोच्या माणसाला पूर्वेकडं पाहावं लागतं, रावजी. आपण पूर्वेकडं पाहिलं तर मरीनाचा समुद्र दिसेल.”

अशी चूक कुणा शिकाऊनं केली असती तर चंद्रमौळींनीच त्याला आठवडाभर चिमटे काढले असते. कचेरीच्या मालकांनी नुसता चष्मा पुसायला घेतला, आणि खुर्ची हातातून जाताना चंद्रमौळींना दिसली.

तेवढ्यात विद्याधर पुढं झाला. नकाशा ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर होता. त्यानं तो उचलला, पालथा केला आणि पुन्हा पसरला. दोशै परतावी इतकं सोपं. मेहराब पश्चिमेला गेली, दरवाजा पूर्वेला आला. पश्चिमेपासून थोडं उत्तरेकडं कलायला हवं, तेही करून देतो म्हणाला.

दरवाजा आता कुणाच्या गल्लीत उघडतो ते चंद्रमौळींना कापड खाली टेकायच्या आधीच कळलं. मोठ्या रस्त्यावर दरवाजा जास्त शोभला असता, असं त्यांनी पुटपुटून पाहिलं.

“रस्त्यावर बसचे भोंगे,” हाजी डबी उचलत म्हणाले. “गल्ली शांत आहे. समोर एक भला माणूस राहतो, रविवारी तिण्णैवर बसून घाम पुसत असतो. मी जागा पाहायला जातो तेव्हा दिसतो.” त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. “भिंतीची त्याला फार आशा असावी.”

वर्षभरात मशीद उभी राहिली. हाजींना मक्केकडं तोंड केलेली मेहराब मिळाली. कृष्णवेणीला पाणी प्यायला थांबणारी माणसं आणि गल्लीभरच्या बातम्या मिळाल्या. विद्याधरला खुर्ची मिळाली, आणि वर सकाळची झोपही. त्याच्या खोलीची खिडकी नेमकी पश्चिमेला गेलेल्या त्या उंच भिंतीसमोर होती. पूर्वी उजाडताच डोळ्यांत घुसणारं ऊन आता बऱ्याच उशिरानं येई. ते वाढीव चार फूट त्यानं नकाशातून काढले नव्हते.

चंद्रमौळींच्या तिण्णैवर शुक्रवारी चपलांची रांग आली आणि रविवारी उघड्या अंगणावरून ऊन, पूर्वीइतकंच. उद्घाटनाला हाजींनी त्यांच्याकडं आपल्या दुकानातली सगळ्यात मोठी छत्री पाठवली. दर रविवारी चंद्रमौळी ती उघडून तिच्याखाली आडवे होत, आणि पाय मात्र उन्हात राहत. छत्रीची किंमत हाजींनी घेतली नाही. ती चंद्रमौळींनी कचेरीतल्या खुर्चीनं चुकती केली होती.