शेवटच्याने फाटक लावायचं

रोलंड पिलबीमने खिशातून नारिंगी दोरीची गुंडी काढली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली.

"ही वरच्या फाटकाच्या खांबावर अडकवलेली होती," तो म्हणाला. "अशीच. नीट गुंडाळून."

सायकलवाले सगळे गोठ्याच्या सावलीत उभे होते. हेल्मेट हातात, पोटऱ्यांवर पांढरी धूळ. कुंपणापाशी ताडपत्रीखाली मेलेल्या मेंढ्या होत्या आणि तिकडे कोणीच बघत नव्हतं. वास मात्र सगळ्यांना येत होता.

दक्षिण इंग्लंडमधल्या साऊथ डाउन्सच्या या टेकड्या आतून बाहेरून खडूच्या. कितीही पाऊस पडो, पाणी वर थांबत नाही, जिरून जातं. वरच्या कुरणात मेंढ्यांना प्यायला थेंब नसतो. पाण्याचा हौद फाटकाच्या खालच्या बाजूला, म्हणून उन्हाळा तापला की पिलबीम ते फाटक सताड उघडून दोरीने खांबाला बांधून ठेवतो. मंगळवारी कोणीतरी ती दोरी सोडली, फाटक लावलं आणि निघून गेलं. नेमकी त्याच दिवशी पिलबीमच्या पाठीत उसण भरली होती. दोन दिवस तो अंथरुणातून उठला नाही, आणि वर गेला तेव्हा मेंढ्या फाटकाला अंग लावून पडल्या होत्या.

"मंगळवारी त्या बाजूला फक्त तुमची टोळी होती. कोणी केलं, ते मला रविवारपर्यंत येऊन सांगा," तो म्हणाला. "नाहीतर वाट बंद. बीच वृक्षांच्या रानात चार झाडं आडवी टाकतो, मग उडा त्यांच्यावरून."

कोणी वाद घातला नाही. घालणार तरी कसा? वाट त्यांनी स्वतः फावड्यांनी काढलेली असली, तिची वळणं वर्षानुवर्षं हाताने बांधलेली असली, तरी जमीन पिलबीमची. तिच्यावरून जायची परवानगी म्हणजे त्याचा एक शब्द, बाकी काही नाही.

डेस्मंड एकहर्स्ट त्या दोरीकडे बघत राहिला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली, शेवटचं टोक आत खोचलेलं. त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये पाण्याची नळी आणि कपड्यांची दोरी तशाच गुंडाळून टांगलेल्या होत्या. दोन्ही हॉवर्डने गुंडाळलेल्या. हॉवर्डने सगळी उमर बंदरावर काढली होती, दोरी हातात आली की तो दुसऱ्या तऱ्हेने गुंडाळूच शकत नसे.

त्या संध्याकाळी डेस्मंड हॉवर्डकडे गेला. दार त्याच्या मुलीने, पिपने उघडलं. वडिलांसाठी ती वसंतापासून इथेच राहायला आली होती.

"बरं झालं आलात, डेस काका," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेले. आणि आज सकाळी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. आता आणखी एक जरी भानगड झाली ना, तर ती सायकल मी कोणाला तरी देऊन टाकणार. तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडत."

"शपथ?"

"अगं, म्हटलं ना, नाही पडत."

हॉवर्ड मागच्या अंगणात सायकल उलटी करून साखळी पुसत होता. हात झरझर चालले होते. घरात बाथरूम समजून कपाटाचं दार उघडणारा हाच माणूस, हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं.

"आलास? हात लावायला आलास की नुसता चहा ढोसायला?"

"चहा," डेस्मंड म्हणाला. "तुझ्या सायकलला हात लावला की तू आठवडाभर तोंड फुगवून बसतोस."

"कारण तुला येत नाही. बस."

डेस्मंड पायरीवर बसला. पिपने चहा आणि आल्याची बिस्किटं आणून ठेवली. ती आत गेल्यावर त्याने विचारलं,

"मंगळवारी वरच्या फाटकाशी मागे तूच होतास ना?"

"मी नेहमीच मागे असतो. पुढे गेलो तर तू रडशील."

"फाटक लावलंस?"

हॉवर्डने फडकं खाली ठेवलं. त्याच्या मनाला ते चांगलंच लागलं होतं. "लावणार नाही तर काय? शेवटच्याने फाटक लावायचं. तुला कोणी शिकवलं ते? कोणा गाढवाने दोरीने बांधून सताड उघडं टाकलं होतं. मेंढ्या खाली मोटाररस्त्यावर गेल्या असत्या, म्हणजे?" मग तो एकदम खुलला. "रोलंडला सांग, आभार मानायची काही गरज नाही."

डेस्मंडने बिस्कीट चहात बुडवलं, आणि ते तुटून कपात पडलं तरी तो बघत राहिला. नियमाचे भाग दोन. शेवटच्याने फाटक लावायचं, आणि बांधून ठेवलेल्या फाटकाला हात लावायचा नाही. गावातल्या निम्म्या पोरांना हे दोन्ही हॉवर्डनेच शिकवलं होतं. त्यातला एकच भाग आता त्याच्यापाशी उरला होता.

"सांगतो," डेस्मंड म्हणाला.

बोलून दाखवायची सोय नव्हती. खरं सांगावं तर पिप सायकल देऊन टाकणार. न सांगावं तर वाटच जाणार. आणि हॉवर्डला दुसरी वाट चालत नव्हती. मे महिन्यात ते टेकडीच्या धारेवरच्या मोठ्या रस्त्याने गेले होते, तेव्हा तो मध्येच उतरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "डेस, आपण कुठे आहोत?" पिलबीमच्या रानात मात्र, डेस्मंडचं मागचं चाक समोर असलं की, त्याला काही विचारावं लागत नसे. झाडाच्या कुठल्या मुळावर चाक उचलायचं, कुठल्या वळणाला आधीच कलायचं, सगळं अंगात होतं. ती दीड तासाची फेरी सोडली तर जुना हॉवर्ड आता कुठेच भेटत नव्हता.

म्हणून रविवारी सकाळी डेस्मंड पिलबीमच्या अंगणात जाऊन उभा राहिला. पिलबीम एका मेंढीला उताणी धरून तिच्या खुरांची वाढ कापत होता.

"मी लावलं," डेस्मंड म्हणाला. "फाटक."

पिलबीमने मान वर केली नाही. "तू पुढे असतोस."

"त्या दिवशी मागे होतो."

पिलबीमने मेंढी सोडली. ती धडपडत उठून कळपात घुसली. त्याने हात पँटला पुसले, खिशातून ती दोरी काढली, झटकून पूर्ण मोकळी केली आणि डेस्मंडच्या हातात दिली.

"गुंडाळ."

डेस्मंडने अंगठा आणि करंगळीवरून आठ घालायला सुरुवात केली. दुसऱ्याच वेढ्याला दोरी घसरली. पुन्हा केलं, पुन्हा घसरली. मग त्याने नाद सोडला आणि सगळे गुंडाळतात तशी ती पंज्यावर गोल गोल गुंडाळली, आणि टोक कुठे खोचावं हे न कळून तसंच लोंबत ठेवलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तो शाळेतल्या पोरासारखा पकडला गेला होता.

पिलबीमने दोरी परत घेतली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

"हॉवर्ड कसा आहे?"

"बरा आहे."

"तुझ्याशिवाय येतो का कधी वर?"

"नाही. त्याला वाट सापडत नाही एकट्याला."

"हं." पिलबीमने दोरी खिशात घातली. "मग ठीक आहे. तू लावलंस. वाट राहील, पोरं येऊ देत, जाऊ देत. तू मात्र यायचं नाहीस. तुझं चाक मला माझ्या जमिनीवर दिसता कामा नये. पुन्हा कधीच."

"रोलंड—"

"कोणाचं नाव मी घेतलेलं नाही, डेस्मंड. तूही घेऊ नकोस." आणि तो पुढची मेंढी धरायला वळला.

गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्यावर डेस्मंडचे पाय थांबले. वाट वाचली होती. पोरं त्याला शनिवारी बिअर पाजतील, पाठीवर थाप मारतील. पण आपल्या चाकाशिवाय हॉवर्डला ती वाट नाही, आपण स्वतःच्या हाताने काय करून बसलो, हे त्याला तिथे, रस्त्याच्या मधोमध, लख्ख कळलं. त्याला रोलंडचा राग आला. मग ताडपत्रीखालून येणारा तो वास आठवला आणि तो रागही टिकला नाही.

शनिवारी सकाळी हॉवर्ड आला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसवलेला, सायकल चकचकीत. पिप कोपऱ्यापर्यंत सोडून गेली होती.

"चल. ऊन चढायच्या आत."

"आज नको," डेस्मंड म्हणाला. "रात्री पाऊस झाला. खडू ओला असेल."

अंगणातलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. पन्हाळीखालचं पिंप कोरडं होतं, त्याच्या तळाशी मेलेल्या माश्या होत्या. हॉवर्डने आभाळाकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने वाटेवरच्या धुळीला बोट लावलं आणि ते पांढरं झालेलं बोट डोळ्यांसमोर धरलं. अजूनही हा आपल्याला पकडेल आणि सणसणीत शिवी हासडेल, असं डेस्मंडला वाटलं. तसं व्हावं, असंही वाटलं.

"बरोबर," हॉवर्ड शेवटी म्हणाला. "ओल्या खडूवर जायचं नाही. साबण होतो त्याचा. मीच शिकवलंय तुला."

"तूच."

"मग पुढच्या शनिवारी?"

"वाळलं तर."

"वाळेल की. वाळायला काय लागतं?" हॉवर्डने बोट विजारीला पुसलं आणि सायकल वळवली. चार पावलं गेल्यावर तो थांबला, सायकल कुंपणाला टेकवली आणि परत आला. डेस्मंडच्या अंगणाचं छोटं फाटक उघडंच राहिलं होतं. त्याने ते बाहेरून ओढून घेतलं, खिट्टी लावली आणि नीट बसली ना, म्हणून दोनदा हलवून पाहिली.

"तू पण ना, डेस," तो समाधानाने म्हणाला. "मी नसतो तर काय केलं असतंस?"